रानात पेरलेले कान

१९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वेलस्ली या गावी, डाना हॉल नावाच्या मुलींच्या शाळेला सुट्टी होती आणि तिच्या आवारात देशातले अव्वल शास्त्रज्ञ येऊन बसले होते. ‘जेसन’ हे त्यांच्या गटाचं नाव. एरवी विद्यापीठांत शिकवणारे भौतिकशास्त्रज्ञ उन्हाळ्यात एकत्र यायचे आणि संरक्षण खात्याच्या अवघड प्रश्नांवर काम करायचे. त्या वर्षी त्यांच्या जोडीला हार्वर्ड आणि एमआयटीचे काही जाणतेही होते. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्‌नमारा यांचा प्रश्न सरळ होता. उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेकडे माणसं, तांदूळ आणि दारूगोळा जातो, तो थांबवायचा कसा?

उत्तर व्हिएतनामवर तेव्हा वर्षभराहून अधिक काळ बॉम्बफेक चालू होती. शास्त्रज्ञांनी आकडे तपासले आणि ऑगस्टच्या अखेरीस स्पष्ट लिहून दिलं, की या बॉम्बफेकीचा दक्षिणेकडच्या रसदीवर मोजता येईल असा परिणाम झालेला नाही. सत्तेला न आवडणारं सत्य लेखी देण्याचं धाडस त्यांनी केलं, याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच अहवालात त्यांनी एक पर्यायही सुचवला. तो असा, की जंगलात विमानांतून हजारो छोटी ऐकणारी यंत्रं टाकायची. ती रेडिओवरून कळवतील की इथून कोणी चाललंय, आणि मग त्या जागी बॉम्ब पडतील. दरमहा १,६०० सेन्सर लागतील, त्यांच्या बॅटऱ्या दोन आठवडे टिकतील आणि सगळ्याचा खर्च वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर येईल, असा अंदाज त्यांनी दिला. मॅक्‌नमारांनी हा पर्याय उचलून धरला. सप्टेंबरात लेफ्टनंट जनरल आल्फ्रेड स्टारबर्ड यांच्या हाताखाली एक खास कचेरी उभी राहिली. योजनेची नावं गुप्ततेपायी बदलत गेली. शेवटी टिकलं ते ‘इग्लू व्हाइट’.

आज शेतात ओलावा मोजणारे, पुलांची थरथर नोंदवणारे किंवा कारखान्यात माल कुठे आहे ते सांगणारे बिनतारी सेन्सर सर्रास दिसतात. माळेतल्या मण्यांसारखे विखुरलेले, बॅटरीवर चालणारे, एकमेकांशी किंवा मध्यवर्ती संगणकाशी बोलणारे हे सेन्सर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते लाओसच्या जंगलात. आणि या तंत्रापुढचा सगळ्यात चिवट प्रश्नही तिथेच पहिल्यांदा पूर्ण ताकदीनिशी उभा राहिला. सेन्सरला काहीतरी ऐकू येतं, हे ठीक. पण तो सेन्सर स्वतः कुठे आहे?

ज्या वाटेवर हे यंत्र बसवायचं होतं ती समजून घ्यायला हवी. आपण तिला हो चि मिन्ह मार्ग म्हणतो. व्हिएतनामी लोक ज्या डोंगररांगेतून ती जाते तिच्या नावाने ट्रुओंग सोन मार्ग म्हणतात. मे १९५९ मध्ये ती उभारायला जे पथक नेमलं गेलं त्याचं नावच ५५९. सुरुवातीला पायवाटा आणि पाठीवरचं ओझं, मग सामान लादलेल्या सायकली, मग ट्रक. रस्ता एक नव्हताच. मु जिआ आणि बान करायी या खिंडींतून लाओसमध्ये उतरल्यावर त्याला फाटे फुटत, फाट्यांना वळसे, वळशांना आडवाटा. एका ठिकाणी खड्डा पडला की शेजारून नवी वाट तयार होई. ती करणाऱ्यांत कोवळ्या वयाच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. रात्री घमेली-फावडी घेऊन त्या खड्डे बुजवीत आणि पहाटेच्या आत झाडांखाली गडप होत. ओढ्यांवरचे पूल पाण्याच्या पातळीखाली बांधलेले असत, म्हणजे वरून दिसायला नकोत. ट्रक फक्त रात्री निघत, दिवे जवळजवळ मिटून. वरून पाहणाऱ्याला दिसे ती हिरव्या पानांची अखंड गादी.

लाओस १९६२ च्या जिनिव्हा करारानुसार तटस्थ देश. तिथे अमेरिकेला उघडपणे फौज उतरवता येत नव्हती. म्हणून माणसांऐवजी यंत्रं.

ही यंत्रं नौदलाच्या एका जुन्या साधनावरून घडवली गेली. पाणबुडीचा आवाज ऐकण्यासाठी समुद्रात टाकले जाणारे तरंगते सोनोबॉय अमेरिकी नौदलाकडे होते. त्यातल्या पाण्यात ऐकणाऱ्या भागाच्या जागी साधा मायक्रोफोन बसवून अकूबॉय तयार झाला. तो छोट्या पॅराशूटने खाली येई आणि झाडाच्या फांद्यांत अडकून लटकत राही. दुसरा प्रकार भालाफेकीच्या भाल्यासारखा. एडसिड हे त्याचं नाव. तो पॅराशूटशिवाय सुटायचा, जमिनीत घुसायचा आणि वर राहायचा फक्त अँटेनाचा भाग, रानटी झुडपाच्या रूपात बनवलेला. आत भूकंपमापकासारखं जमिनीची थरथर टिपणारं उपकरण. बॅटरी संपली की तो कायमचा मुका. म्हणून पुन्हा विमान, पुन्हा नवे सेन्सर. पुढे असेही मायक्रोफोन आले जे हुकूम मिळाल्यावरच चालू होत, कारण सतत ऐकत बसणं बॅटरीला परवडत नसे. आजच्या सेन्सर-जाळ्यांतले अभियंते ज्या काटकसरीवर डोकं झिजवतात तिची सुरुवात इथलीच.

आता ठावठिकाण्याचा प्रश्न. सेन्सर रेडिओवर आपला क्रमांक पाठवी आणि आपल्याला काय जाणवलं ते पाठवी. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ते ठाऊक असे फक्त त्याला टाकणाऱ्या विमानाला, तेही त्या क्षणी विमान नेमकं कुठे होतं हे विमानाला कळत असेल तर. म्हणजे जंगलातल्या ट्रकच्या ठिकाणाबद्दल जे काही ज्ञान पुढे निर्माण होणार होतं, त्या सगळ्याचा पाया एका क्षणाची एक नोंद होती. ती अर्ध्या किलोमीटरने चुकली की त्या सेन्सरने आयुष्यभर ऐकलेला प्रत्येक ट्रक चुकीच्या रस्त्यावर दिसणार.

शिवाय सेन्सर एकेकटे टाकत नसत. रस्त्याच्या कडेने, पाभरीने एका तासात बी पडावं तसे, ओळीने पाच-सात टाकत. पहिला वाजला, मग दुसरा, मग तिसरा, की ट्रक कोणत्या दिशेने चाललेत ते कळे. दोन सेन्सरमधलं अंतर माहीत असेल तर वेगही निघे. पण समजा नोंदीत दोघांमधलं अंतर ४०० मीटर आहे आणि प्रत्यक्षात ते ३०० मीटरवर रुतले आहेत. ट्रकला मधला पल्ला कापायला दीड मिनिट लागलं. संगणक वेग काढणार ताशी १६ किलोमीटर. ट्रकचा खरा वेग १२. विमान पाच मिनिटांनी पोचणार असेल, तर हिशेबाप्रमाणे ट्रक तोवर १,३३० मीटर पुढे असायला हवा, खरं तर तो असेल हजार मीटरवर. बॉम्ब पडणार ते ३३० मीटर पुढच्या मोकळ्या रस्त्यावर. शंभर मीटरची चूक तिपटीहून अधिक होऊन बाहेर आली. सेन्सर-जाळ्यांच्या अचूकतेचं हे मूळ गणित आजही बदललेलं नाही.

म्हणून सेन्सर टाकणाऱ्यांना खाली उतरावं लागलं.

हे काम अमेरिकी नौदलाच्या व्हीओ-६७ नावाच्या तुकडीकडे आलं. त्यांची विमानं होती नेपच्यून, समुद्रावर गस्त घालण्यासाठी बनवलेली, अवजड आणि संथ. नोव्हेंबर १९६७ मध्ये ती थायलंडमधल्या नाखोन फनोम तळावर पोचली. मेकाँग नदीपलीकडे लाओस. विमानाच्या काचेच्या नाकाडात बसलेल्या माणसापुढे होतं नॉर्डन बॉम्बसाइट, दुसऱ्या महायुद्धात ज्याचा मोठा बोलबाला झाला होता तेच नेम धरण्याचं यंत्र. प्रत्यक्ष लढाईत ते वापरलं गेलं ते इथे शेवटचं, आणि तेही बॉम्ब टाकण्यासाठी नव्हे, तर कान पेरण्यासाठी. विमान संथ, सरळ रेषेत आणि कमी उंचीवर ठेवायचं, खालच्या ओळखीच्या खुणेवरून वेळ धरायची, सेन्सर सोडायचे, आणि कुठे पडले त्याचा फोटो घ्यायचा. विमानविरोधी तोफांपुढे संथ आणि सरळ उडणं म्हणजे काय, हे वैमानिकांना सांगायची गरज नव्हती.

११ जानेवारी १९६८ ला एक नेपच्यून लाओसमधल्या डोंगरकड्यावर आदळलं. नऊ जण गेले. १७ फेब्रुवारीला दुसरं पडलं, पुन्हा नऊ. २७ फेब्रुवारीला तिसऱ्यावर तोफेचा गोळा बसला आणि आतमध्ये धूर कोंडला. विमानाचे कप्तान पॉल मिलियस यांनी सहकाऱ्यांना उड्या मारायला सांगितलं आणि स्वतः सुकाणू धरून बसले. सात जण वाचले. मिलियस परतले नाहीत. पुढे अमेरिकी नौदलाने एका विनाशिकेला त्यांचं नाव दिलं. काही महिन्यांच्या कामात तुकडीने तीन विमानं आणि वीस माणसं गमावली, आणि काम गुप्त असल्यामुळे या माणसांचं नाव घ्यायलाही पुढे कितीतरी वर्षं कोणी धजलं नाही. तुकडीला राष्ट्राध्यक्षांचं मानपत्र मिळालं ते २००८ मध्ये. या सगळ्याकडे मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मला हेच जाणवतं, की ती वीस माणसं नकाशावरच्या एका टिंबाच्या अचूकतेसाठी मेली.

नेपच्यूनच्या जागी मग वेगवान फँटम जेट आली. ती तोफांच्या तावडीतून निसटत, पण ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाचा अंश चुकला तरी सेन्सर कितीतरी पुढे पडणार. इथे मदतीला आलं लोरान. ठरावीक ठिकाणच्या रेडिओ केंद्रांतून काटेकोर वेळेवर स्पंदनं सुटत. दोन केंद्रांची स्पंदनं विमानापर्यंत पोचण्यात जो सूक्ष्म फरक पडे, त्यावरून विमान एका विशिष्ट वक्ररेषेवर आहे हे कळे. तिसऱ्या केंद्राने दुसरी वक्ररेषा मिळे. दोन्ही छेदतील ते विमानाचं ठिकाण. आग्नेय आशियातली ही केंद्रं १९६६ मध्ये उभी राहिली: थायलंडमध्ये साताहिप आणि लांपांग, व्हिएतनामच्या दक्षिणेला कोन सोन बेटावर तिसरं. अंधार असो, ढग असोत, लोरानला फरक पडत नसे. एकदा जिथे गेलो तिथेच पुन्हा नेण्यात तर ते फार भरवशाचं.

पण लोरानने दिलेली जागा आणि नकाशावरची जागा एकच असेल याची खात्री कोण देणार? इथे ही कथा अनपेक्षितपणे आपल्या अंगणात येते. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या हातात जे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे होते, त्यांच्या तळटिपेत छापलेलं असे: एव्हरेस्ट गोलाभ, इंडियन डेटम १९६०. म्हणजे पृथ्वीचा जो आकार गृहीत धरून ते नकाशे काढले होते, तो जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणावरून ठरवलेला. त्या मोजणीचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला आहे. तिथून त्रिकोणांची साखळी ब्रह्मदेशातून सयामपर्यंत आणि पुढे गेली. हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लँब्टन १८२३ साली मोजणी करत उत्तरेकडे येताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याला पुरलं. हिंगणघाटपर्यंत ज्या साखळ्या ओढत आणल्या गेल्या, त्यांच्याच हिशेबावर दीडशे वर्षांनी व्हिएतनाममधल्या खे सानच्या टेकड्यांचे अक्षांश-रेखांश उभे होते.

एव्हरेस्टचा गोलाभ हिंदुस्थानच्या भूमीला छान बसतो, साऱ्या पृथ्वीला मात्र नाही. म्हणून या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आणि आज उपग्रहांवरून मिळणारे अक्षांश-रेखांश यांत काही शे मीटरचा फरक पडतो. शिवाय लाओसच्या डोंगराळ भागाची प्रत्यक्ष मोजणीच विरळ. यावर उपाय म्हणून टेहळणी विमानं एकाच वेळी फोटो आणि लोरानचे आकडे घेऊ लागली. नकाशा बाजूला ठेवून फोटोवरच्या वळणाला, फुटलेल्या पुलाला थेट लोरानचा आकडा चिकटवायचा. सेन्सर त्याच आकड्यावर टाकायचा, बॉम्बही त्याच आकड्यावर. मग पृथ्वीवर ती जागा ‘खरी’ कुठे आहे याने फारसं बिघडत नाही. मला ही या साऱ्या प्रकरणातली सर्वात शहाणी युक्ती वाटते. जगाच्या संदर्भात अचूक असण्यापेक्षा आपल्या सर्व नोंदी एकमेकींशी जुळत्या असणं अनेकदा पुरेसं असतं.

या तंत्राची खरी कसोटी लागली खे सानला. जानेवारी १९६८ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या वायव्य कोपऱ्यातल्या या तळावर सुमारे सहा हजार मरीन सैनिक वेढ्यात सापडले. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंचांचा जसा पराभव झाला तसाच इथे होणार, अशी धास्ती वॉशिंग्टनपर्यंत पोचली होती. ट्रकसाठी राखलेले सेन्सर घाईने इकडे वळवले गेले; महिनाअखेरपर्यंत तीनशेहून अधिक सेन्सर तळाभोवती पडले होते. त्यांचे संकेत वाचून तोफांना लक्ष्य देण्याचं काम कॅप्टन मिर्झा मुनीर बेग यांच्याकडे होतं. मूळचे भारतीय उपखंडातले हे गृहस्थ अमेरिकी मरीनमध्ये होते आणि लष्करी इतिहासाचे गाढे वाचक होते.

तीन आणि चार फेब्रुवारीच्या रात्री ८८१ दक्षिण या टेकडीच्या वायव्येचे सेन्सर एकामागून एक वाजू लागले. तिथल्या टेकड्यांना त्यांच्या मीटरमधल्या उंचीचीच नावं. बेग यांनी हिशेब केला: दीड ते दोन हजार माणसं, टेकडीच्या दिशेने. पण सेन्सर वाजले त्या जागी तोफ डागून उपयोग नव्हता, कारण माणसं तिथून पुढे सरकलेली असणार. व्हिएतनामी तुकडी हल्ल्याआधी कुठे जमते, रात्री डोंगरात किती वेगाने चालते, याचा अंदाज बांधून त्यांनी नकाशावर एक पट्टा आखला आणि त्यावर तासन्‌तास मारा करवला. मायक्रोफोनमधून माणसांच्या किंकाळ्या आणि धावपळ ऐकू आल्याची नोंद आहे. ८८१ दक्षिणवर हल्ला झाला नाही. पुढच्याच रात्री तो ८६१-ए या टेकडीवर झाला आणि लढाई हातघाईवर आली. तळाचे प्रमुख कर्नल डेव्हिड लाउंड्स यांनी नंतर सांगितलं, की सेन्सर नसते तर आपली हानी जवळजवळ दुप्पट झाली असती.

खे सानला हे साधलं यामागे एक कारण होतं. तिथे सेन्सर तळाजवळ होते, तोफा हाताशी होत्या, आणि संकेतांच्या मागे काय असावं याचा विचार करणारा माणूस होता. लाओसमध्ये यातलं फार थोडं होतं.

तिथल्या सेन्सरचे क्षीण संकेत पकडायला आकाशात चोवीस तास एक विमान घिरट्या घालत असे. हे विमान म्हणजे लॉकहीडच्या सुपर कॉन्स्टेलेशनचं लष्करी भावंड. एकेकाळी एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन मुंबईहून लंडनला जात, त्याच घराण्यातलं. तिथून संकेत नाखोन फनोमला पोचत. तिथल्या वातानुकूलित इमारतीत आयबीएमचे ३६०/६५ संगणक होते. पडद्यावर रस्त्याचा नकाशा आणि त्यावर सरपटणारी पांढरी अळी. ती अळी म्हणजे ट्रकचा ताफा. संगणक तिचा वेग आणि दिशा काढी, ती पुढे कुठे असेल ते सांगे, आणि लोरानचा आकडा फँटमच्या वैमानिकाकडे जाई. अनेकदा बॉम्ब सुटण्याचा क्षणही विमानातला संगणकच ठरवी. वैमानिकाला खाली काही दिसतही नसे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लष्करप्रमुख जनरल विल्यम वेस्टमोरलंड यांनी एका भाषणात भविष्यातल्या रणांगणाचं चित्र उभं केलं: शत्रू कुठे आहे ते यंत्रं क्षणात शोधतील, त्याचा माग ठेवतील आणि मारा करतील. त्या काळच्या लष्करी डोक्यांत ही खात्री किती खोल होती ते त्यावरून कळतं.

पण लाओसमध्ये रोज सकाळी टेहळणी विमानं परत येत तेव्हा त्यांच्या फोटोंत आदल्या रात्री मारलेल्या ट्रकांचे सांगाडे सापडत नसत. उद्ध्वस्त ट्रकांचे वायुदलाचे आकडे वर्षागणिक वाढत गेले, आणि गुप्तचर खात्याने ते कधीच पूर्णपणे मानले नाहीत. उत्तर व्हिएतनामींनी फसवायच्या युक्त्याही शोधल्या: ट्रकचे आवाज ध्वनिफितीवर वाजवायचे, घाम-लघवीचा वास हुंगणाऱ्या सेन्सरपाशी लघवीच्या बादल्या टांगायच्या, जनावरं हाकायची. या युक्त्यांच्या कथा आज रंगवून सांगितल्या जातात. त्यांच्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काहीतरी होतं असं मला वाटतं. सारी हुशारी ‘कुठे’ या एका प्रश्नावर खर्च झाली होती. त्या ठिकाणी जे आहे ते काय आहे, कोण आहे, तांदूळ घेऊन जाणारा ट्रक की दारूगोळ्याचा, सैनिक की मुलं घेऊन रात्री जंगल ओलांडणारं गाव, हे त्या टिंबात नव्हतं. टिंब जितकं नेमकं, तितका बघणाऱ्याला आपल्याला सगळं कळल्याचा भास पक्का. ३० मार्च १९७२ ला उत्तर व्हिएतनामची फौज रणगाड्यांसकट दक्षिणेत घुसली. ऐकणाऱ्या जंगलाला वर्षानुवर्षं ओलांडूनच इतकी सामग्री जमली होती. फेब्रुवारी १९७३ मध्ये लाओसमध्ये युद्धविराम झाला आणि ते कान बंद पडले.

या मार्गावर ट्रकांची शिकार सर्वात प्रभावीपणे केली ती एसी-१३० नावाच्या तोफा बसवलेल्या विमानांनी. त्यांतून लढाऊ उड्डाणं केलेल्या अधिकाऱ्यांत ब्रॅडफर्ड पार्किन्सन नावाचा एक अभियंता होता. डिसेंबर १९७३ मध्ये ज्या जीपीएस योजनेला मंजुरी मिळाली, तिचा प्रमुख तोच. लोरानचंच तत्त्व, वेळेतल्या फरकावरून ठिकाण, आता उपग्रहांवरून. आणि पृथ्वीचा आकार एखाद्या देशाला नव्हे तर साऱ्या जगाला बसणारा.

मार्च २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्वेंटीनाइन पाम्स इथे बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एका छोट्या मानवरहित विमानातून रस्त्याकडेला सहा चिमुकले सेन्सर टाकले. त्यांनी एकमेकांची घड्याळं जुळवून घेतली, जाणाऱ्या वाहनांचं चुंबकीय अस्तित्व टिपलं आणि वेग-दिशा काढली. विमान पुन्हा वरून गेलं तेव्हा माहिती त्याच्या हवाली केली. लाओसमधली तीच कल्पना, फक्त आता घिरट्या घालणाऱ्या सुपर कॉन्स्टेलेशनचं काम एका खेळण्याएवढ्या विमानाने केलं.

जीपीएस तेव्हा अशा सेन्सरला महाग आणि बॅटरी खाणारं होतं. इमारतीत तर चालतच नाही. म्हणून त्या दोन-चार वर्षांत सेन्सरांना आपापलं ठिकाण शोधायला शिकवण्याचा ध्यासच संशोधकांनी घेतला. निरुपमा बुलुसू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की जागा माहीत असलेल्या ज्या संकेतकेंद्रांचा रेडिओ ऐकू येतो त्यांच्या मधोमध आपण आहोत असं धरलं तरी कामचलाऊ उत्तर मिळतं. त्याच वर्षी एमआयटीत नागपूरला जन्मलेल्या हरी बालकृष्णन यांच्या गटाने रेडिओ आणि अतिध्वनी एकदम सोडून, दोघांच्या पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून घरातल्या घरात जागा ओळखणारी ‘क्रिकेट’ ही प्रणाली मांडली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००४ मध्ये लपलेल्या बंदूकधाऱ्याची जागा सरासरी एक मीटरपर्यंत शोधणारं जाळं उभारलं. वर्षभराने त्याच गटाने रेडिओ लहरींच्या व्यतिकरणावरून सेन्सरची जागा सरासरी तीन सेंटिमीटरपर्यंत मिळवली. खाली उतरून फोटो काढणारं विमान आता नको होतं.

लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने सुमारे ५,८०,००० उड्डाणांतून वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. सगळे सेन्सरच्या सांगण्यावरून नव्हेत, पण मार्गाच्या पट्ट्यात पुष्कळसे. त्यांतल्या समूहबॉम्बमधून सुटलेले सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब. त्यांपैकी आठ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. नांगर लागला, चूल पेटवली, मुलाने चेंडू समजून उचलला, की ते आजही फुटतात. ते काढण्यासाठी १९९६ मध्ये लाओसमध्ये राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, आणि २०१६ मध्ये बराक ओबामा यांनी व्हिएन्शिएनला येऊन तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलरची मदत जाहीर केली. सफाई करणाऱ्यांच्या हाती अमेरिकी वायुदलाच्या बॉम्बफेकीच्या जुन्या नोंदी आहेत. शोध कुठून सुरू करावा एवढं त्या सांगतात. कोणत्या शेतात, कोणत्या बांधाखाली बॉम्ब आहे हे त्यांतून कळत नाही. म्हणून पथकं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतात, जमिनीचे चौकोन आखतात आणि धातुशोधक घेऊन पाऊल-पाऊल चालत प्रत्येक बॉम्बची जागा नव्याने नोंदतात. हे काम अजून चालू आहे.